शिंपल्याला पडलेलं ते गोल भोक

आंजर्लेकरीण

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पाच-सहा पोरं सकाळच्या ओहोटीला किनाऱ्यावर पळायचो ती भोकाचे शिंपले गोळा करायला. आधीच भोक पडलेला शिंपला मिळाला की आनंद व्हायचा, कारण त्यात थेट दोरा ओवता यायचा. खिळ्याने भोक पाडायला जावं तर शिंपला हमखास फुटे. आजी म्हणायची, समुद्रच पोरींसाठी भोकं पाडून ठेवतो. आम्ही तेच खरं धरून चाललो. काही शिंपल्यांवर अर्धवट भोक असायचं. वरून छोटी वाटी कोरल्यासारखी, पण आरपार गेलेली नाही. दोरा जात नाही म्हणून ते 'नापास' ठरवून आम्ही एका डब्यात टाकून द्यायचो.

हे भोक कुणाचं आहे हे मला कळलं ते चाळिशी ओलांडल्यावर. तेव्हापासून किनाऱ्यावर चालणं माझ्यापुरतं पार बदलून गेलं, म्हणून हा धागा काढते आहे.

तुमच्याकडे असा शिंपला असेल तर आत्ता हातात घ्या. भोक बहुतेक वेळा बिजागरीच्या बाजूला, फुगीर टोकाजवळ असतं. अगदी गोल. बाहेरून रुंद, आत गेल्यावर अरुंद. स्क्रूचं डोकं लाकडात बसावं म्हणून सुतार कड तिरपी करून घेतो ना, तशी. लाटांनी झिजून असं भोक पडत नाही. हे एका गोगलगाईचं काम आहे. इंग्रजीत तिला मून स्नेल म्हणतात, मी आपली चांदगोगल म्हणते, कारण शंख गोल, गुळगुळीत आणि पेढ्याएवढा.

गेल्या जानेवारीत वद्य द्वितीयेच्या सकाळी मी तिला प्रत्यक्ष कामात पाहिलं. ओल्या वाळूत बोटभर रुंदीची एक वाकडीतिकडी रेघ होती आणि रेघेच्या शेवटी वाळू जराशी फुगलेली. हलक्या हाताने वाळू सारली, तर आत चांदगोगल. तिचं पाऊल एवढं मोठं पसरलेलं की शंखाचा बराच भाग त्याखाली झाकून गेलेला. त्या पावलाच्या घडीत तिने एक लहान शिंपला पोटाशी धरला होता. मी काही न करता शेजारी उकिडवी बसले. दहा मिनिटांत ती शिंपल्यासकट पुन्हा वाळूत गेली. ओढून नेला म्हणावं तर ओढणं दिसलंच नाही, फुगवटा सावकाश खाली बसत गेला.

पुढचं काम वाळूखाली चालतं. तिच्या तोंडात कानशीसारखी दातेरी पट्टी असते, शास्त्रात तिला रॅड्युला म्हणतात. सोंडेच्या टोकाला एक ग्रंथी असते, तिच्यातून आम्ल आणि विकरं पाझरतात. आधी ग्रंथी लावून कवच मऊ करायचं, मग पट्टीने खरवडायचं, पुन्हा ग्रंथी. असं तासन्‌तास चालतं. जाड कवचाला एक-दोन दिवसही लागतात. आरपार झालं की सोंड आत घालून मांस खायचं. शिंपला घट्ट मिटून बसलेला असतो, त्याचा सगळा जीव त्या मिटण्यात, आणि मृत्यू येतो तो छपरातून.

आम्ही गळ्यात घालून मिरवायचो तो एकेक मणी म्हणजे अशी एकेक शिकार होती.

तुम्ही किनाऱ्यावर काय पाहिलंय ते लिहा. मृदुकाय, म्हणजे शिंपले-गोगलगाईंसारख्या मऊ अंगाच्या प्राण्यांबद्दल मराठीत वाचायला फार कमी मिळतं. कीटक-खेकड्यांच्या संघानंतर जगातला सर्वांत मोठा प्राणिसंघ हाच, आणि आपल्याला त्यातलं जेवणाच्या ताटाबाहेर फारसं माहीत नाही.

---

सुलूआत्या

वाचून अंगावर काटा आला गं. मी तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, आयुष्यभर निवडल्या, पण भोकाचा विचार कधी केला नाही.

ताटातलंच पण उपयोगाचं सांगते. तिसऱ्या आणल्या की दोन-तीन पाण्यांनी धुवायच्या आणि तासभर मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, म्हणजे आतली वाळू त्या स्वतःच बाहेर टाकतात. जी उघडी आहे आणि टिचकी मारल्यावर मिटत नाही ती मेलेली, ती टाकायची. माझ्या सासूबाई एकशिपी करायच्या, म्हणजे एक शिंप काढायची आणि मांस दुसरीत तसंच ठेवायचं. ओलं खोबरं, तिरफळ, दोन आमसुलं. आता मुली फ्रीजरमध्ये ठेवून सोप्या पद्धतीने उघडतात. आम्ही विळीवर उघडायचो.

मेल्यावर त्या का उघडतात, हे कुणी सांगेल का? बाकीचे प्राणी मेले की आखडतात, हिचं उलटं.

---

आंजर्लेकरीण

आत्या, बिजागरीत एक चिवट पट्टी असते, स्प्रिंगसारखी. ती शिंपा सतत उघडायला बघते. मिटून ठेवण्याचं काम आतल्या स्नायूंचं. स्नायू जिवंत आहे तोवर ओढ लावून धरतो. जीव गेला की स्नायू सैल आणि पट्टी जिंकते. तुम्ही विळी फिरवून कापता तो नेमका हाच स्नायू.

आता जेवण झालं की शिंप टाकू नका, आतली बाजू उजेडात धरा. दोन्ही टोकांना स्नायूंचे गोलसर ठसे दिसतील आणि ते जोडणारी एक फिकट रेघ. ही रेघ एका बाजूला आत वळून खोबणी करते. ती खोबण म्हणजे नळ्या आत ओढून घ्यायची जागा. वाळूत गाडून घेतलेली तिसरी दोन नळ्या वर काढते, एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. खोबण जितकी खोल तितक्या नळ्या लांब, आणि तितकी ती खोल वाळूत राहणारी. कालव किंवा शिनाणा खडकावरच चिकटून असतो, त्याला नळ्यांची गरज नाही, म्हणून त्याच्या शिंपेत ही खोबण नसते. रिकामी शिंप बघून तिचा मालक कुठे राहायचा ते सांगता येतं.

---

खडपावरचा

धागा वाचनखूण केला. मी वाळूवाला नाही, खडपावरचा. मुंबईत राहतो. २०१७ साली 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम सुरू झाला आणि त्यांच्या एका किनारफेरीला गेल्यापासून मला हे वेड लागलं. त्याआधी हाजी अलीच्या मागच्या खडकांवर फक्त कचरा असतो अशी माझी समजूत होती.

वाळूवर माग शोधावा लागतो, खडपावर एका जागी स्थिर बसावं लागतं. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही. मग डोळा सरावतो आणि खडक हलू लागतो. भरतीचं पाणी जेमतेम पोचतं तिथे वाटाण्याएवढ्या गोगलगाई भेगांत दाटीने चिकटलेल्या. त्याच्या खाली नेरिटा, गोल आणि जाड कवचाच्या. आणखी खाली कालवं, आणि कायम ओलं राहतं तिथे मृदू, रंगीत मंडळी. ज्याला जितकं उन्हात सुकणं सोसतं तितक्या उंचीवर तो, आणि खालची हद्द ठरते खाणाऱ्यांवरून आणि जागेच्या भांडणावरून.

मला सगळ्यात जवळची वाटते ती ऑन्किडियम नावाची गोगलगाय. हिला शंखच नाही. खडकाच्याच रंगाची, खरखरीत पाठीची, अंगठ्याएवढी. समुद्रात राहून हवेतला प्राणवायू घेते. ओहोटी लागली की आपल्या कपारीतून निघते, खडकावरचा शेवाळी थर चाटत फिरते आणि पाणी परतायच्या आत घरी जाते. पाठीवर डोळे असतात तिला, डोक्यावरचे वेगळे. एका संध्याकाळी मी एकीच्या मागे तीन तास होतो. माझी सावली तिच्यावर पडली की ती थबकायची आणि अंग आवळून घ्यायची. मी बाजूला सरलो की पुन्हा चालू. शेवटी ज्या फटीतून निघाली त्याच फटीत शिरली. वाट कशी ओळखत असेल? पुष्कळ गोगलगाई आपल्याच चिकट माग-रेषेवरून परततात. लिंपेट नावाची टोपीसारखी गोगलगाय तर खडकावर नेमक्या आपल्याच मापाच्या खाचेत परत येऊन बसते.

लिंपेटचे दात गोएथाइट नावाच्या लोहखनिजाच्या तंतूंनी भरलेले असतात. २०१५ साली ते ताणून तपासले, तेव्हा तोवर माहीत असलेल्या सगळ्या जैविक पदार्थांत ते सर्वांत मजबूत ठरले. कोळ्याच्या रेशमापेक्षाही.

आणि भोकांबद्दल एक भर. सगळी भोकं चांदगोगलीची नसतात. खडपावर म्युरेक्स कुळातल्या काटेरी गोगलगाई कालवांना आणि नेरिटांना भोकं पाडतात, त्यांची भोकं सरळ भिंतीची असतात, कड तिरपी नसते. ऑक्टोपसही भोक पाडतो. ते अगदी बारीक आणि बरेचदा लंबुळकं असतं, कारण त्याला सोंड घालायची नसते, नुसतं विष सोडायचं असतं.

---

दर्यावर्दी

हर्णै बंदराजवळचा आहे, आमचं तीन पिढ्यांचं काम होड्यांचं. वद्य द्वितीयेला सकाळी ओहोटी कशी मिळाली हे इथे पुष्कळांना कळलं नसेल, म्हणून सांगतो. आमच्याकडे भरतीचा हिशेब तिथीवर. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. द्वितीया म्हणजे दोनाची पाऊणपट दीड, दीड वाजता भरती. त्यापासून सहा-सव्वासहा तास मागेपुढे ओहोटी, म्हणजे सकाळी सात-साडेसात आणि रात्री पावणेआठच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येपासून पुढे दोन-तीन दिवस उधाण, तेव्हा पाणी सर्वांत लांब ओसरतं. अष्टमीला भांग, म्हणजे पाणी कमीच चढतं-ओसरतं, तेव्हा किनारा बघायला जाऊ नका, काही उघडं पडत नाही. हा हिशेब आपल्या किनारपट्टीचा, दुसरीकडे चालत नाही. आणि खडपावर जायचं तर भरती-ओहोटीचा तक्ताही बघाच. पाणी वळलं की मागच्या बाजूने भरतं आणि माणूस मध्ये अडकतो. मी दोघांना असं खांद्यावर बसवून बाहेर काढलंय.

आता आमच्या वैऱ्याबद्दल. लाकडी होडीच्या तळात सुरुंग पाडणारा किडा, तो किडा नाहीच, शिंपल्याचाच भाऊ आहे. शरीर अळीसारखं लांब, आणि पुढच्या टोकाला दोन एवढ्याश्या शिंपा. त्याच शिंपा घासून तो लाकूड कोरत जातो आणि कोरलेल्या बोगद्याला चुन्याचा गिलावा करत जातो. बाहेरून टाचणीएवढं भोक, आतून फळी चाळण. माझे आजोबा फळीला कान लावून, बोटाच्या पेराने ठोकून सांगायचे कुठे पोकळ झालंय. पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारून ठेवायच्या त्यात हाही फायदा होता. लाकूड वाळलं की आतला जीव मरतो. समुद्रात परत घालताना तळाला चुना-तेल. तो चुनाही शिंपल्या भाजून केलेला.

पुढे वाचनात आलं की लंडनला थेम्स नदीखालून बोगदा खणताना मार्क ब्रुनेल या इंजिनिअरने ह्याच प्राण्याची रीत उचलली. पुढे कोरत जायचं आणि मागे लगेच बांधकाम करत यायचं. काम सुरू झालं १८२५ साली. आमच्या होड्यांचा वैरी, पण त्याची कारागिरी मी मानतो.

---

शंखनाद

चर्चेला थोडं वेगळं वळण देतोय, माफ करा. माझ्या वडिलांनी गेल्या वर्षी एका तीर्थक्षेत्री 'दक्षिणावर्ती शंख' म्हणून मोठी रक्कम देऊन शंख घेतला. सोबत प्रमाणपत्रही होतं. आता घरात कुणी म्हणतंय खोटा आहे. वडील रोज पूजा करतात. त्यांना काही बोलायचं नाही मला, पण मला स्वतःला कळायला हवं. कसं ओळखायचं?

---

खडपावरचा

@शंखनाद, भाऊ, तो प्लॅस्टिकचा नसेल तर 'खोटा' म्हणू नका. शंख खराच असेल, जात वेगळी असेल.

आपला पूजेचा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम. मन्नारचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी, तसंच सौराष्ट्राकडचा समुद्र इथला. तो नेहमी एकाच बाजूला वळतो. वेटोळ्यांचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं तर तोंड उजव्या हाताला येतं. पण पूजेत आपण शंख उलटा, नळीची बाजू वर करून धरतो, तेव्हा हेच तोंड डावीकडे जातं. म्हणून साधा शंख वामावर्ती. ह्याच जातीत क्वचित एखादा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा वळलेला निघतो, तो दक्षिणावर्ती. फार दुर्मीळ.

बाजारात मिळतात त्यातले बहुतेक अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचे आणि मेक्सिकोच्या आखातातले, लाइटनिंग व्हेल्क नावाच्या गोगलगाईचे असतात. तिच्यात उलटं वळण हाच नियम आहे, त्यामुळे तिथे ते दुर्मीळ नाही. ओळखायची खूण तोंडाच्या आत आहे. मधल्या दांड्यावर बोटाने चाचपा. टर्बिनेलाला तिथे तीन-चार ठसठशीत आडव्या घड्या असतात, पायऱ्यांसारख्या. व्हेल्कला त्या नसतात, दांडा गुळगुळीत.

बघून सांगा. आणि जे निघेल ते निघो, समुद्राच्या तळावर त्यात एक जीव राहून गेलाय हे तर खरंच आहे.

---

शंखनाद

आत्ता बघितलं. घड्या नाहीत. गुळगुळीत आहे.

वडिलांना सांगणार नाही. पण ते शंख पुसत होते तेव्हा शेजारी बसून मी त्यांना ह्या गोगलगाईची गोष्ट सांगितली, कुठल्या समुद्रातून आली असेल ती. ते म्हणाले, "एवढ्या लांबून आली का रे?" आणि पुन्हा एकदा पुसला. मनापासून धन्यवाद.

---

भूलतज्ज्ञ_पुणे

विष आणि सोंडेचा विषय निघाला आहे तर माझ्या व्यवसायाशी संबंधित प्राण्याबद्दल लिहिते. कोन स्नेल. कवच शंकूसारखं, त्यावर इतकी सुरेख नक्षी की हात आपोआप पुढे जातो. जिवंत असेल तर हात लावू नका, हे आधी ठळक सांगते. हिचा दात पोकळ असतो, भाल्यासारखा. सोंड लांबवून तो भक्ष्यात मारते आणि त्यातून विष सोडते. मासे खाणाऱ्या जातींच्या डंखाने माणसं मेलेली आहेत, सर्वांत घातक कोनस जिऑग्राफस. अरुंद टोकाच्या बाजूने धरला तर सुरक्षित असा समज आहे, तो चूक. सोंड सगळीकडे पोचते.

ही जिऑग्राफस फार विलक्षण आहे. ती तोंड जाळ्यासारखं पसरून लहान मासे गोळा करते आणि पाण्यात इन्सुलिन सोडते. माशाच्या इन्सुलिनसारखं. माशांची साखर एकदम उतरते, ते सुस्त होतात आणि अलगद आत जातात. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं. मधुमेहाचा रुग्ण साखर फार उतरून हायपोमध्ये गेल्यावर कसा दिसतो हे मी रोज बघते, त्यामुळे वाचताना डोळ्यांपुढे तेच आलं.

आता उलट बाजू. फिलिपिन्सचे शास्त्रज्ञ बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांनी ह्या विषांवर आयुष्य घातलं. कोनस मॅगसच्या विषातल्या एका लहानशा प्रथिनावरून झिकोनोटाइड हे वेदनाशामक तयार झालं. अमेरिकेत त्याला २००४ साली परवानगी मिळाली. ते अफूच्या वाटेने जात नाही. मज्जातंतूतला कॅल्शियमचा एक विशिष्ट दरवाजा बंद करतं, त्यामुळे वेदनेचा निरोप पुढे जात नाही. देणं मात्र सोपं नाही, पाठीच्या कण्यातल्या द्रवात पंपाने सोडावं लागतं. दुसरं काहीच लागू पडत नाही अशा रुग्णांसाठी ते आहे.

एका कोन स्नेलच्या विषात अशी शेकडो द्रव्यं असतात, आणि प्रत्येक जातीचा संच निराळा. जी जात प्रवाळाबरोबर नाहीशी होईल, तिच्यासोबत काय गेलं हे आपल्याला कधी कळणारसुद्धा नाही. मला हे फार लागतं.

---

अटलांटिक_काठ

मी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला असते, मूळची अलिबागकडची. चांदगोगलीचा धागा बघून राहवलं नाही. इथे केप कॉडच्या किनाऱ्यांवर हिची एक मोठी बहीण आहे, मुठीएवढी. उन्हाळ्यात वाळूत रबरी वॉशरसारखी, एका बाजूने तुटलेली गोल पट्टी पडलेली असते. पहिल्या वर्षी मी ती कचरा समजून पिशवीत भरली होती. ती अंड्यांची पट्टी निघाली! चांदगोगल चिकट द्रवात अंडी आणि वाळू मिसळून आपल्या शंखाभोवती ती पट्टी घडवते, शर्टाच्या कॉलरसारखी. पिल्लं बाहेर पडली की ती कोरडी होऊन विरते. म्हणून ओली, लवचीक असेल तर हात लावू नये, उचलली असेल तर पाण्याकडे ठेवावी. आपल्याकडेही दिसते का?

इथली आणखी एक गंमत म्हणजे स्लिपर स्नेल. सपातीसारखं कवच, आणि एकीवर एक अशा चळतीच्या चळती. सर्वांत खालची मादी, वरचे नर. खालची मेली की तिच्या वरचा नर मादी होतो. नवीन आलेलं पिल्लू सर्वांत वर बसतं आणि नर म्हणून सुरुवात करतं.

आणि इथल्या खाजणांत एलिसिया क्लोरोटिका नावाची हिरवीगार गोगलगाय राहते, पानासारखी. ती शेवाळ शोषते, पण त्यातली हरितद्रव्याची कणं पचवत नाही, स्वतःच्या अंगात साठवते, आणि ती कणं महिनोन्‌महिने टिकतात. तिच्या जपानमधल्या एका भाऊबंदाचं तर २०२१ साली प्रसिद्ध झालं, ती स्वतःचं डोकं धडापासून वेगळं करते आणि त्या डोक्याला नवं धड फुटतं, हृदयासकट.

---

आंजर्लेकरीण

@अटलांटिक_काठ, दिसते, अगदी तशीच, फक्त लहान. आम्ही तिला वाळूची वाटी म्हणायचो आणि उन्हात वाळवायचो. आता वाईट वाटतं.

---

प्रश्नचिन्ह

सगळं वाचतोय, पण एक विचारायचं आहे. मुलीला घेऊन पुढच्या महिन्यात कोकणात जातोय. ती शिंपले वेचणारच. वेचू द्यावे की नाही? आणि इथे लोक तिसऱ्यांच्या पाककृतीही देतायत आणि जिवंत शंखाला हात लावू नका म्हणतायत, यात विसंगती नाही का?

---

दर्यावर्दी

मला विसंगती वाटत नाही. आमच्या बाया ओहोटीला खाडीत बसून मुळे-खुबे, शिंपल्यांच्याच जाती, काढतात, खडपावर कालवं फोडतात. कमरेइतक्या चिखलात चार-चार तास. लहान पिल्लं तिथेच सोडतात, कारण पुढच्या वर्षी तिथेच यायचंय. हे पोट भरणं आहे. केरळच्या अष्टमुडी तलावात तर शिंपल्यांचा हंगाम, आकार, जाळीचं माप सगळं ठरवून घेतलंय, आणि २०१४ साली त्या मासेमारीला शाश्वत म्हणून आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, देशात पहिलंच. शोकेसमध्ये ठेवायला जिवंत शंख उकळणं वेगळं.

---

आंजर्लेकरीण

दर्यावर्दींशी शंभर टक्के सहमत. @प्रश्नचिन्ह, मुलीला वेचू द्या. फक्त तीन गोष्टी तिला तिच्या भाषेत सांगा. शंख उचलला की आधी तोंडात डोकावून बघायचं. आत झाकण किंवा मांस दिसलं तर गोगलगाय घरात आहे, पाय दिसले तर शंखातला खेकडा आहे. दोघांनाही जिथून उचललं तिथेच ठेवायचं. दुसरं, वाटीभर वेचा, बघा, आणि येताना दोन-चार ठेवून बाकी परत. खेकड्यांना वाढताना मोठं घर लागतं, आणि रिकामा शंख मिळाला नाही तर ते बाटलीच्या झाकणात राहतात, हे मी पाहिलंय. तिसरं, स्टॉलवरचे चकचकीत शंख विकत घेऊ नका. किनाऱ्यावर पडून राहिलेला शंख फिका, खरबरीत होतो. आरशासारखी चमक असलेला बहुतेक वेळा जिवंतपणी काढलेला असतो. राक्षसी शिंपले, नॉटिलस, ट्रायटन्स ट्रम्पेट अशा कित्येक जातींना २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

---

सोलापूरकर_कवडी

समुद्रापासून लांबचा माणूस, पण कवडी आमच्या घरातली. आजी आराधीण होती, तुळजाभवानीची कवड्यांची माळ तिच्या गळ्यात. त्या कवड्यांना ती कधी तेल-पॉलिश काही लावायची नाही, तरी लखलखीत. त्या का चमकतात?

---

खडपावरचा

फार छान प्रश्न. जिवंत कवडी आपल्या अंगाचा पदर दोन्ही बाजूंनी वर काढून संपूर्ण कवच झाकून घेते. त्याच पदरातून कवचाचा थर वर चढत राहतो. बाहेरचं काही घासत नाही, शेवाळ बसत नाही. बोटाने हळूच स्पर्श केला की पदर मागे सरतो आणि खालची चकाकी उघडी पडते. मी हे दोनदाच पाहिलंय आणि दोन्ही वेळा श्वास रोखला गेला. लहान कवडी ओळखूही येत नाही. ती साध्या पातळ शंखासारखी असते, मोठी झाली की ओठ आत वळतो आणि दात येतात. व्यवहारातली कवडी प्रामुख्याने मालदीवची. तिथून ती बंगालला आणि पार पश्चिम आफ्रिकेपर्यंत पैसा म्हणून गेली. आपल्या भाषेत 'फुटकी कवडी' राहिली.

---

सुलूआत्या

माझा शेवटचा प्रश्न, मग झोपते. बाजारात माकूल मिळतं ते पण ह्यातलंच ना? त्याला तर शिंप नाही.

---

खडपावरचा

आत्या, आहे की! साफ करताना पाठीतून पांढरी, हलकी, होडीसारखी फळी निघते ना? तेच त्याचं कवच, आत गेलेलं. आयुर्वेदातला समुद्रफेन तो हाच, आणि पोपटाच्या पिंजऱ्यात चुना मिळावा म्हणून अडकवतात तोही. आडवी कापून भिंगाखाली बघा, कागदासारख्या थरांचे मजले आणि मध्ये बारीक खांब. त्या खणांत वायू आणि पाणी कमी-जास्त करून माकूल पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगतं.

आपल्या बाजारात येणारं मोठं माकूल बरेचदा फराओ कटलफिश असतं. जपानमध्ये ह्याच जातीची पाळलेली माकुलं २०१७ साली एका अभ्यासात शंखातल्या खेकड्याची नक्कल करताना आढळली. पुढचे हात वाकवून सांधे दाखवायचे, बाकीचे पायांसारखे लुकलुकवायचे, रंग गडद करायचा. शिकारीच्या वेळीही ती हे करत होती. कदाचित लहान मासे खेकड्याला घाबरत नाहीत म्हणून. तीन हृदयं, निळं रक्त, आणि त्वचेवर क्षणात बदलणारे रंग, हे सगळं त्या टोपलीत निपचित पडलेल्या जिवाने जगून घेतलेलं असतं.

---

आंजर्लेकरीण

सगळ्यांचे आभार मानते. कालच आंजर्ल्याहून परतले. आई आता एकटी असते तिथे. माळ्यावरची ट्रंक उघडली, आमच्या माळा शोधायला. दोरे कुजून गेले होते, शिंपले सुटे झाले होते. भिंग घेऊन एकेक बघत बसले. तिरप्या कडेची भोकं पुष्कळ, सरळ भिंतीची तीन. खडपावरचा म्हणाले त्या बारीक भोकाचं एकही नाही.

मग तळाशी तो डबा सापडला, बिस्किटाचा, 'नापास' शिंपल्यांचा. अकरा होते. चांदगोगलीच्या अर्धवट भोकाच्या मधोमध एक बारीकसा उंचवटा राहतो, ते मी वाचलं होतं, तो अंगठ्याला लागला. प्रत्येक वेळी शिंपला सुटलाच असं नाही, कधी गुदमरूनही मरतो. पण त्यातल्या एकावर त्या वाटीच्या पलीकडे वाढीच्या रेषा चांगल्या रुंद गेलेल्या दिसल्या, आणि वाटीला आतून चुन्याचा नवा जाड थर दिलेला होता. म्हणजे त्यानंतर तो खूप दिवस जगला.

आईला दाखवला. ती म्हणाली, "अगं, हे तर तुम्ही टाकून द्यायला ठेवले होतेत."